आवाज कोणाचा, चेहरा कोणाचा?

चित्रपट ही डोळ्यांनी पाहण्याची कला आहे, असे आपण सहज म्हणून जातो. ‘सिनेमा पाहिला’ असाच आपला वाक्प्रचार आहे. ‘सिनेमा ऐकला’ असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे पडद्यावर कोण दिसते याची चर्चा पुष्कळ होते आणि पडद्यावरून येणारा आवाज कोणाचा, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या कलावंतांनी हॉलिवूडच्या व्यवसायाबाहेर राहून जे चित्रपट निर्माण केले, त्यांतील काहींनी नेमका हाच प्रश्न मध्यभागी आणून ठेवला आहे. त्यांपैकी तीन कलाकृतींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ज्युली डॅश यांचे ‘इल्यूजन्स’ (१९८२) आणि ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ (१९९१) हे दोन, आणि चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ (१९७८) हा तिसरा.

मराठी वाचकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य अगदीच अपरिचित नाही. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याची ओळख आपल्याला फार पूर्वी करून दिली. दलित साहित्याच्या चर्चेत त्या साहित्याचे दाखले वारंवार दिले गेले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच १९६६ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. ही उसनवारी उघड होती. नाव कोठून घेतले हे कोणी लपवले नाही. उलट ते सांगण्यात अभिमान होता. या गोष्टीची आठवण वाचकांनी मनात ठेवावी, कारण पुढील विवेचनात ती उपयोगी पडणार आहे. त्या समाजाची कविता आणि आत्मकथने आपल्यापर्यंत पोहोचली, मात्र त्याचा स्वतंत्र चित्रपट त्या मानाने फारच थोड्यांनी पाहिला.

ज्याला आज सर्वत्र सांस्कृतिक अपहार म्हटले जाते, त्या शब्दाविषयी प्रारंभीच थोडा खुलासा करणे इष्ट ठरेल. संस्कृती ही कधीच सोवळ्यात राहत नाही. भाषा, गाणी, पक्वान्ने, पोशाख, सारे काही एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातच असते. या देवाणघेवाणीला अपहार म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होईल. मराठीत ‘चोरी’ आणि ‘अपहार’ या दोन शब्दांत एक सूक्ष्म भेद आहे. चोर बाहेरून येतो, तर अपहार करतो तो ज्याच्या हाती हिशेबाची वही असते तो. पतपेढीत अपहार होतो तेव्हा पैसा जातो आणि वहीतील नोंदही बदललेली असते. ठेव कोणाची होती हेच पुसले जाते. संस्कृतीच्या बाबतीत हा अर्थ तंतोतंत लागू पडतो. घेणे हा गुन्हा नव्हे. घेऊन देणाऱ्याचे नाव खोडणे हा गुन्हा. माझ्या मते या तिन्ही चित्रपटांचे मर्म या एका भेदात सामावलेले आहे.

अमेरिकेत ही नाव खोडण्याची प्रथा चित्रपटापेक्षाही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून गुलामांच्या गाण्यांची व नाचांची नक्कल रंगमंचावर करीत. थॉमस राइस या नटाने १८३०च्या सुमारास रंगवलेल्या अशाच एका सोंगाचे नाव ‘जिम क्रो’ होते. पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना हेच नाव चिकटले. म्हणजे गाणे घेतले, माणसाची टिंगल केली, आणि शेवटी टिंगलीचे नाव त्याच्याच गळ्यातील साखळीला दिले. १९१५ साली आलेल्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटात प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे काळे रंगवलेल्या गोऱ्या नटांनी केली होती. १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ आला आणि बोलपटाचे युग सुरू झाले. त्याचा नायक अल जॉल्सन पडद्यावर गायला तोही काही प्रसंगी तोंडाला काळे फासूनच. चित्रपटाला कंठ फुटला त्या क्षणी चेहऱ्याचा हा खोटेपणा त्याच्या सोबतीला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याला कृष्णवर्णीयांकडून उत्तर मिळाले नाही असे नव्हे. ऑस्कर मिशो यांनी १९२० साली ‘विदिन अवर गेट्स’ हा चित्रपट स्वबळावर काढला. त्याची प्रत पुढे अनेक दशके हरवली होती. ती स्पेनमध्ये सापडली आणि १९९३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिचा जीर्णोद्धार केला. अमेरिकेतील स्वतंत्र कृष्णवर्णीय चित्रपटाचा इतिहास असा हरवण्या-सापडण्याचा इतिहास आहे.

१९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत मोठा उद्रेक झाला. त्यानंतरच्या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील चित्रपट विभागात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशाचे दार काहीसे उघडले. चार्ल्स बर्नेट, इथिओपियातून आलेले हेले गेरिमा, बिली वुडबेरी, ज्युली डॅश, अलिली शॅरन लार्किन ही मंडळी तेथे शिकली. समीक्षक क्लाइड टेलर यांनी १९८६ साली या समूहाला ‘एल. ए. रिबेलियन’, म्हणजे लॉस एंजेलिसचे बंड, असे नाव दिले. हॉलिवूडच्या वेशीवर बसून त्यांनी हॉलिवूडला नाकारले. विद्यापीठाचा कॅमेरा, शनिवार-रविवारची सुटी आणि शेजारपाजारची माणसे हे त्यांचे भांडवल होते.

ज्युली डॅश यांचा ‘इल्यूजन्स’ हा अवघ्या ३४ मिनिटांचा कृष्णधवल लघुपट याच भांडवलातून निर्माण झाला. कथानकाचा काळ १९४२ चा आहे. महायुद्ध सुरू आहे आणि हॉलिवूडमधील नॅशनल स्टुडिओज या काल्पनिक चित्रसंस्थेत मिन्यों डुप्री नावाची तरुणी अधिकाराच्या जागेवर काम करते आहे. तिचा वर्ण इतका उजळ आहे की सारे तिला गोरी समजतात आणि तीही तो समज दूर करीत नाही. एका संगीतपटाच्या चित्रीकरणात दोष राहिला आहे. गोऱ्या नायिकेचे ओठ हलतात, पण गाणे त्यांच्याशी जुळत नाही. चित्रण पुन्हा करणे परवडणारे नसल्याने एस्टर जीटर या कृष्णवर्णीय गायिकेला बोलावले जाते. तिने काचेपलीकडच्या खोलीत उभे राहून पडद्यावरील गोऱ्या ओठांकडे पाहत गायचे आणि आपला आवाज त्या ओठांच्या मापात बसवायचा.

हा प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे. पार्श्वगायनाची नेहमीची रीत अशी की गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि नट त्यावर ओठ हलवतो. म्हणजे चेहरा आवाजाच्या मागे चालतो. येथे क्रम उलटा झाला आहे; आवाजाला चेहऱ्याच्या मागे चालावे लागते. नायिकेला गाता येत नाही, तरी मोजमाप तिच्याच ओठांचे! डॅश यांनी हा प्रसंग कोणतेही भाष्य न करता मांडला आहे. एकाच चौकटीत आपल्याला गाणारी एस्टर दिसते, पडद्यावरची गोरी नायिका दिसते, आणि यंत्रापाशी बसलेले, काम लवकर उरकावे एवढीच इच्छा असलेले तंत्रज्ञही दिसतात. कोणी दुष्ट नाही, कोणी आरडाओरडा करीत नाही. अपहार असा शांतपणे, कार्यालयीन वेळेत पार पडतो.

एस्टर मिन्योंला पाहताच ओळखते. आपल्या माणसाला आपले माणूस ओळखू येतेच. पण ती तिचे गुपित फोडत नाही. पुढे दोघींच्या बोलण्यात एस्टर सांगते की स्वतः गायलेला चित्रपट पाहायला ती चित्रपटगृहात जाते, तेव्हा डोळे मिटून घेते आणि पडद्यावर आपणच उभ्या आहोत अशी कल्पना करते. सबंध चित्रपटात याहून हृदयद्रावक क्षण नाही. जगातील सारे प्रेक्षक डोळे उघडे ठेवून चित्रपट पाहतात. या एका स्त्रीला स्वतःला पाहण्यासाठी डोळे मिटावे लागतात.

मिन्योंचे पात्र यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. एस्टरचा आवाज घेतला जातो व चेहरा नाकारला जातो. मिन्योंचा चेहरा स्वीकारला जातो, पण तिने आवाज दाबून ठेवावा लागतो. आईशी दूरध्वनीवर बोलताना तिला क्षणभर मूळ सूर सापडतो आणि पुन्हा हरवतो. तिचे गुपित एका गोऱ्या सैनिकी अधिकाऱ्याला कळते तेव्हा ती पळून जात नाही. ती तेथेच राहून या माध्यमाचे सामर्थ्य आपल्या माणसांसाठी वापरण्याचा निश्चय करते. हा निश्चय भाबडा वाटण्याचा संभव आहे. पण काळाचा संदर्भ विसरू नये. कथेच्या दोनच वर्षे आधी, २९ फेब्रुवारी १९४० रोजी, हॅटी मॅकडॅनिएल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ‘गॉन विथ द विंड’मधील दासीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले आणि त्या समारंभात तिला इतरांपासून वेगळ्या मेजावर बसवण्यात आले. सन्मानसुद्धा पंक्तिभेद पाळूनच दिला जात होता.

‘इल्यूजन्स’विषयी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. एस्टरची भूमिका करणाऱ्या रोझॅन केटन या अभिनेत्रीच्या तोंडून आपण जे गाणे ऐकतो, त्यातील आवाज तिचा नाही. तो सुप्रसिद्ध जॅझ गायिका एला फिट्झजेरल्ड यांचा आहे. म्हणजे पडद्यावर गोऱ्या नायिकेचे ओठ, त्यांमागे एस्टरचा कंठ, आणि त्या कंठामागे पुन्हा तिसऱ्याच स्त्रीचा आवाज! मग ज्या लबाडीवर चित्रपट बोट ठेवतो तीच तो स्वतः करतो काय? हा आक्षेप हसून टाळण्यासारखा नाही. त्यावर माझे उत्तर असे आहे की एलाचा आवाज ज्याने एकदा ऐकला तो तो विसरत नाही. जाणत्या प्रेक्षकाला तो ऐकताच चित्रपटाच्या नावाचा, म्हणजे ‘भ्रम’ या शब्दाचा, आणखी एक पदर उलगडतो. पण नवखा प्रेक्षक फसतोच, आणि त्याच्या दृष्टीने एस्टरचा चेहरा हाही शेवटी उसन्या आवाजाचा मुखवटाच राहतो. दिग्दर्शिकेने ही गाठ सोडवलेली नाही. कदाचित ती सुटण्यासारखी नसावी. चित्रपट हे माध्यमच मुळात आवाज एकाचा आणि सावली दुसऱ्याची असे जोडकाम आहे. आणि जोडकाम हा दोष मानला तर आपला सारा हिंदी-मराठी संगीतपट दोषी ठरेल. आपण पार्श्वगायन उघडपणे स्वीकारले आणि गायकांना देव्हाऱ्यात बसवले. तरीसुद्धा १९४९ च्या ‘महल’मधील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर प्रथम गायिकेचे नाव नव्हते, पडद्यावरच्या ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापलेले होते. तबकडीवर खरे नाव आले आणि गीताची गोडी यत्किंचितही कमी झाली नाही. दोष जोडकामात नसून नाव लपवण्यात आहे, याचा याहून सोपा पुरावा मिळणार नाही.

येथून चार्ल्स बर्नेट यांच्या ‘किलर ऑफ शीप’कडे वळू. बर्नेट यांनी विद्यापीठातील पदवीसाठी प्रबंध म्हणून हा चित्रपट केला. खर्च दहा हजार डॉलरांच्याही आत. वॉट्स वस्तीत राहणारा स्टॅन हा कत्तलखान्यातील कामगार. दिवसभर मेंढ्या मारायच्या, रात्री झोप येत नाही, घरात पत्नीशी बोलण्याचे त्राण नाही. कथानक म्हणावे असे फारसे काही नाही. मुले पडक्या जागेत खेळतात, दगडफेक करतात, एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारतात. स्टॅन आणि त्याचा मित्र एका मोटारीचे जुने इंजिन मोठ्या कष्टाने विकत आणतात आणि ते गाडीवरून पडून निकामी होते. गरिबीचे प्रदर्शन नाही आणि तिचे उदात्तीकरणही नाही. माणसाचा थकवा इतक्या आदराने दाखवणारे चित्रपट थोडेच आहेत.

या चित्रपटाचा अर्धा अर्थ त्याच्या संगीतात आहे. पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन आणि इतर अनेक कृष्णवर्णीय कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांतून बर्नेट यांनी जणू आपल्या समाजाचा श्राव्य इतिहासच रचला आहे. मुले ढिगाऱ्यांत खेळत असताना रोबसन यांचा धीरगंभीर आवाज येतो. घरातल्या अंधुक उजेडात डायना वॉशिंग्टन यांचे गीत वाजत असते आणि स्टॅनची पत्नी त्याला मिठीत घेऊन हळूहळू नाचते. गीत संपते, तो तिचे हात सोडवून निघून जातो आणि ती खिडकीपाशी एकटी राहते. त्या घरात शब्दांनी जे बोलले जात नाही ते ती तबकडी बोलते.

आणि याच संगीताने चित्रपटाचा मार्ग अडवला. वापरलेल्या गाण्यांचे हक्क ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे होते आणि ते घेण्यासाठी बर्नेट यांच्यापाशी पैसा नव्हता. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाची जतन करण्याजोगी कलाकृती म्हणून नोंद झाली, तरी चित्रपटगृहात रीतसर प्रदर्शन होण्यास २००७ साल उजाडावे लागले. त्यासाठी केवळ गाण्यांच्या हक्कांपोटी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या पंधरा पटींहून अधिक. येथे अपहाराचे दुसरे रूप दिसते. ‘इल्यूजन्स’मध्ये नाव खोडले गेले होते, येथे नाव शाबूत आहे, पण मालकी दुसऱ्याची आहे. डायना वॉशिंग्टन कोण होत्या हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्यांच्याच समाजातील एका तरुणाला त्यांचे गाणे आपल्या वस्तीच्या चित्रावर ऐकवायचे तर दाम मोजावे लागते, आणि तो दाम वस्तीत येत नाही. कायद्याच्या दृष्टीने यात कोणाचेही चुकलेले नाही. कलावंताचे हक्क सांभाळणारा कायदा असावा हेही निर्विवाद. पण हक्क सांभाळला जातो तो कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

नाव नसणे आणि मालकी नसणे, ही दोन दुखणी पाहिल्यावर साहजिकच मनात येते की संस्कृती तिच्या धन्यांच्याच हाती राहिली तर कशी दिसेल? ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ हे ज्युली डॅश यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. सुमारे आठ लाख डॉलरांत झालेला हा चित्रपट १९९१ साली सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि आर्थर जाफा यांना त्याच्या छायाचित्रणासाठी पारितोषिक मिळाले. १९९२ साली तो चित्रपटगृहांत आला. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट होय. चित्रपटाला शंभर वर्षे पूर्ण होत आली तेव्हा ही ‘पहिली’ गोष्ट घडली.

काळ १९०२ चा, ऑगस्ट महिन्यातील एक दिवस. दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया यांच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर गुलामांचे वंशज राहतात. मुख्य भूमीपासून तुटल्यामुळे त्यांनी आफ्रिकेतील अनेक चालीरीती जपल्या आणि इंग्रजी व पश्चिम आफ्रिकेतील भाषा यांच्या मिश्रणातून गला नावाची स्वतःची बोली घडवली. पीझंट कुटुंब दुसऱ्या दिवशी बेट सोडून उत्तरेकडे जाणार आहे. कुटुंबातील वृद्धा नाना मात्र पूर्वजांच्या थडग्यांपाशी मागे राहणार आहे. निरोपाचे जेवण, समुद्रकिनारा, पांढऱ्या पोशाखांतील स्त्रिया आणि अद्याप न जन्मलेल्या एका बालिकेचे निवेदन, एवढ्यावर सारा चित्रपट उभा आहे.

पात्रे गला बोलीत बोलतात आणि पडद्यावर त्याचे भाषांतर उमटत नाही. अमेरिकेतील इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकालाही प्रारंभी बरेच शब्द निसटतात. याबद्दल तक्रारी झाल्या. परंतु या न समजण्यातच दिग्दर्शिकेची भूमिका आहे. आजवर या माणसांनी दुसऱ्याच्या ओठांच्या मापात आपला आवाज बसवला; आता प्रेक्षकाने थोडे कान देऊन त्यांच्या मापात बसावे. एस्टर जीटरच्या त्या काचेच्या खोलीतील क्रम येथे सुलटा झाला आहे. ज्या बोलीला दीर्घकाळ ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हणून हिणवले गेले, तिच्यात २००५ साली बायबलचा नवा करार प्रसिद्ध झाला. घरातल्या बोलीला देवळात जागा मिळणे म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या चित्रपटातील एक प्रसंग आपल्यासारख्या वाचकांच्या विशेष परिचयाचा वाटेल. व्हायोला ही कुटुंबातील लेक मुख्य भूमीवरून निष्ठावंत बॅप्टिस्ट होऊन आली आहे. जुन्या चालीरीती तिला अंधाराच्या खुणा वाटतात. यलो मेरी ही दुसरी लेक बाहेरच्या जगात अब्रू गमावून परतली आहे आणि तिच्यापाशी संत ख्रिस्तोफरचे पदक आहे. शेवटी नाना आपल्या आईच्या व स्वतःच्या केसांची एक पुरचुंडी करते, ती व्हायोलाच्या बायबलवर ठेवते, तिच्याभोवती मेरीचे ते पदक गुंडाळते, आणि निघालेल्यांनी त्याचे चुंबन घ्यावे असे सांगते. काहींना ते मानवते, काहींना मानवत नाही. धर्मशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने या कृतीवर आक्षेप घेता येईल, आणि श्रद्धावंताने तो घेऊ नये असेही मी म्हणणार नाही. पण कलाकृती म्हणून हा प्रसंग पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. संत ख्रिस्तोफर हा प्रवाशांचा आश्रयदाता. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी उतरणारा. दुसऱ्या दिवशी पाणी ओलांडून अनोळखी प्रदेशात जाणाऱ्या कुटुंबाच्या हाती ती वृद्धा हेच पदक देते. आणि दुसरे म्हणजे, येथे केस कोणाचे, ग्रंथ कोणाचा, पदक कोणाचे, हे सारे सर्वांसमोर आहे. कोणाचे नाव खोडलेले नाही. संस्कृतींचा संकर होतोच. तो असा मांडवात, साक्षीदारांसमोर व्हावा, असे जणू ही वृद्धा सांगते.

चित्रपट निर्दोष आहे असे नव्हे. काही ठिकाणी सौंदर्याचा सोस आशयावर मात करतो. निळीच्या मळ्यात राबलेल्या गुलामांचे हात वृद्धपणीही निळे दाखवले आहेत; हे वास्तव नसून प्रतीक आहे आणि प्रतीक म्हणून ते प्रभावी आहे. पण समुद्रकाठी रेंगाळणारा कॅमेरा कधी कधी श्रमाला फारच देखणा करून टाकतो. बर्नेट यांच्या कत्तलखान्यातील कोरडा प्रामाणिकपणा येथे आढळत नाही. तथापि जी माणसे पडद्यावर सदैव स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, त्यांना एकदा तरी देखणे दिसण्याचा अधिकार होता, हेही मान्य करावे लागते. २०१६ साली गायिका बियॉन्से यांच्या ‘लेमोनेड’ या दृश्य-गीतमालिकेत याच चित्रपटाची छाया अनेकांनी ओळखली, आणि त्याच वर्षी जीर्णोद्धार होऊन तो पुन्हा प्रदर्शित झाला. उसनवारी ओळखली गेली म्हणून मूळ कलाकृतीला नवे प्रेक्षक मिळाले. उघड घेण्याचा हा लाभ.

हे सारे दूरदेशीचे म्हणून वाचून बाजूला ठेवता आले असते, पण त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे वादक आले. गोव्यातील पॅरिश शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून मुंबईत आलेल्या आपल्या वादकांनी जॅझ आत्मसात केले ते या माणसांच्या सान्निध्यात. आंतोनियो झेवियर वाझ या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाने ‘चिक चॉकलेट’ हे नाव धारण केले आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पुढे हेच वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण दालनांत गेले. चाल संगीतकाराची, पण तिची स्वरलिपी मांडणे, वाद्यमेळ रचणे, मधल्या सुरावटी बांधणे ही कामे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी केली. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले तर बहुधा ‘साहाय्यक’ म्हणून. अनेकांचे आलेच नाही.

गुलामगिरीच्या इतिहासाशी या उपेक्षेची बरोबरी करणे अनुचित ठरेल. आपल्या वादकांना वेतन मिळत होते, मान होता, आणि कोणी त्यांना बेड्या घालून आणले नव्हते. परंतु वहीतील नोंद पुसली जाण्याची रीत मात्र ओळखीची आहे. व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे ऋण त्यांचे शिष्य प्यारेलाल विसरले नाहीत. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गीतात गुरूचे नाव सन्मानाने गुंफले गेले. देशभर ते नाव पोहोचले. पण ते उच्चारताच डोळ्यांसमोर उभा राहतो तो पडद्यावरचा लोकप्रिय नट. माजोर्ड्याचा तो व्हायोलिनवादक नव्हे. नाव मिळाले तेव्हाही चेहरा दुसऱ्याचाच राहिला.

आणि हिशेब मांडायचा तर दोन्ही रकाने भरावे लागतील. आमच्या वादकांची नावे कोणी लिहिली नाहीत, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण त्या वादकांनी ज्यांच्यापासून घेतले त्या क्रिकेट स्मिथ आणि वेदरफोर्ड यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? वेदरफोर्ड १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारले. याच देशाच्या मातीत ते विसावले. लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट वाजते तेव्हा तिच्यात त्यांच्या श्वासाचा अंश असतो, हे कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. माझ्या पिढीने ‘अलबेला’ (१९५१) मधील गाण्यांवर ताल धरला, सी. रामचंद्र यांचे नाव आम्हाला पाठ होते, चिक चॉकलेट यांचे नव्हते, आणि त्यांच्यामागे उभे असलेल्यांचे तर मुळीच नव्हते.

‘इल्यूजन्स’ पाहून झाल्यावर मी ‘अलबेला’ पुन्हा पाहिला. एका गाण्यात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतात. या आधी अनेकदा पाहिलेले ते दृश्य. पण दरवेळी नजर नायक-नायिकेवर खिळलेली असल्यामुळे मागचे वादक दिसूनही दिसले नव्हते. वाचकांपैकी ज्यांच्या घरात, पाड्यात, पॅरिशमध्ये त्या काळच्या वाद्यवृंदात बसलेले कोणी वृद्ध वादक अजून असतील, त्यांनी तो चित्रपट त्यांच्याशेजारी बसून पाहावा आणि मागच्या रांगेतील एकेकाचे नाव विचारून लिहून ठेवावे. ती नावे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.